जेवणानंतरचा नेपोलियन

गोव्यातल्या बहुतेक शाळा सकाळच्या. दीड-पावणेदोनला पोर घरी येतं, दोनला भात आणि बांगड्याचं हुमण पोटात जातं, आणि अडीचच्या रकान्यात वेळापत्रकाने 'इतिहास' लिहून ठेवलेलं असतं. नेपोलियनने अर्ध्या युरोपाला तोंड दिलं, पण हुमणानंतरच्या अडीच वाजता त्याचाही निभाव लागत नाही. पुस्तक उघडतं, पिवळा हायलायटर फिरतो, पाऊण पान पिवळं होतं. चार वाजता विचारलं, काय वाचलंस, तर उत्तर येतं, 'नेपोलियन.' पुढे काही नाही.

यात नेपोलियनचा दोष नाही, आणि पोराचाही थोडाच. सगळे विषय बसून, वाचून, रेघा मारून होतात, ही समजूत खरी गुन्हेगार. गणिताच्या बाबतीत असा गैरसमज कुणी करून घेत नाही, तिथे पेन्सिल उचलावीच लागते. इतिहास आणि भाषा मात्र 'वाचायचे विषय' ठरले आणि त्यांची पेन्सिल कुणीतरी काढून घेतली. वास्तविक इतिहासाला हात लागतो. भाषेला हात आणि घसा, दोन्ही.

हाताचं काम म्हणजे काय, ते सांगतो. कोरा ए-फोर कागद उभा धरायचा आणि मधोमध पट्टीने उभी रेघ ओढायची. १ सेंटीमीटर म्हणजे २० वर्षं. १४५३ मध्ये कॉन्स्टँटिनोपल तुर्कांच्या हाती पडलं तिथे सुरुवात आणि १९७४ मध्ये पोर्तुगालात लष्कराने हुकूमशाही उलथवली तिथे शेवट धरला, तर ५२१ वर्षांची रेघ २६ सेंटीमीटरच्या किंचित पुढे जाते. कागद २९.७ सेंटीमीटरचा, म्हणजे वर-खाली बोटभर जागा उरते. हौसेने १ सेंटीमीटरला १० वर्षं धरली की दुसरा कागद जोडावा लागतो, आणि आपल्याकडे जोडलेला कागद जूनमध्ये सुटतो. सेलोटेप, डिंक आणि भिंतीवरचा तक्ता, तिघांवरही मिरग लागल्यावर भिस्त ठेवू नये. जेल पेनही नको, दमट कागदावर शाई फुटते आणि १५१० चं १५७० होतं.

रेघेच्या डावीकडे युरोप, उजवीकडे गोवा. एवढ्या एका सोयीने अर्धा इतिहास आपोआप बोलू लागतो. १५८० मध्ये स्पेनच्या राजाने पोर्तुगालचा मुकुटही घेतला, हे डावीकडे. मग १६४० पर्यंत गोव्याचा राजा तोच, हे उजवीकडे. स्पेनशी डचांचं युद्ध चालूच होतं, आणि पोर्तुगीज आता त्याच राजाचे, म्हणून डच जहाजं मांडवीच्या मुखाशी येऊन नाकेबंदी करू लागली. आग्वादचा किल्ला १६१२ चा आहे तो याच धास्तीने. वर्गात 'आग्वाद किल्ला कोणी बांधला' हा प्रश्न येतो आणि एका शब्दात सुटतो. 'कोणाच्या भीतीने' असं विचारलं तर डावीकडे बघावं लागतं. (वास्को द गामा १४९८ मध्ये कालिकतला पोचला, तो डावीकडे लिहायचा की उजवीकडे, यावर मुलांत भांडण लागतं. लागू द्यावं.)

पण शेजारी-शेजारी लिहिलं की सगळंच कारण वाटू लागतं, हा या रेघेचा दुर्गुण. १७५५ च्या भूकंपात लिस्बन कोसळलं, त्यानंतर पोर्तुगालचा मंत्री मार्किस द पोंबाल सर्वेसर्वा झाला आणि १७५९ मध्ये त्याने पोर्तुगीज मुलखातून जेझुइट पंथाच्या पाद्र्यांना हाकललं. त्याच १७५९ मध्ये व्हाइसरॉयने पणजीच्या आदिलशाही वाड्यात बिऱ्हाड थाटलं. मूल लगेच लिहितं, 'जेझुइट गेल्यामुळे राजधानी हलली.' छान वाक्य आहे, पण चूक. जुनं गोवं रोगराईने कितीतरी आधीपासून ओस पडत चाललं होतं, आणि पणजीला राजधानीचा अधिकृत दर्जा मिळाला तो १८४३ मध्ये. दोन घटनांमध्ये बाण काढायचा असेल तर बाणावर एक क्रियापद लिहायचं: 'घाबरून', 'पैसे संपल्याने', 'बातमी कळल्यावर'. क्रियापद सुचलं नाही तर बाण पुसायचा.

दुसरी चूक याहून मजेदार. कांदोळीच्या पिंटोंचं पोर्तुगीजांविरुद्धचं बंड १७८७ चं, फ्रेंच राज्यक्रांती १७८९ ची. उत्तरपत्रिकेत मात्र 'फ्रेंच राज्यक्रांतीपासून स्फूर्ती घेऊन पिंटोंनी बंड केले' हे वाक्य अगदी आत्मविश्वासाने येतं. मोठं ते आधी आणि छोटं ते नंतर, असं डोक्याने परस्पर ठरवलेलं असतं. आपल्या रेघेवर ही दोन वर्षं म्हणजे फक्त १ मिलिमीटर, पेन्सिलीच्या टोकाएवढी, त्यामुळे तिथेही चूक दिसत नाही. त्यासाठी त्या काळाची वेगळी, फुगवलेली रेघ काढावी लागते: १७८५ ते १८२५, १ सेंटीमीटरला २ वर्षं, एकूण २० सेंटीमीटर. आता पिंटो एक सेंटीमीटर वर बसतात आणि राज्यक्रांतीतला बास्तीय तुरुंगाचा पाडाव खाली. त्या बंडाची कारणं मग इथेच शोधावी लागतात, आणि ती सापडतात: बढत्यांमध्ये गोमंतकीय पाद्र्यांना आणि सैनिकांना डावललं जात होतं.

याच रेघेवर नेपोलियनही सरळ होतो. १८०७ मध्ये त्याचं सैन्य लिस्बनवर चालून गेलं आणि पोर्तुगालचा राजपरिवार जहाजांत बसून ब्राझीलला निघून गेला. नेपोलियन स्वतः गोव्यात कधी आला नाही, पण फ्रेंचांच्या भीतीने ब्रिटिश पलटणी इथे बरीच वर्षं तळ ठोकून होत्या. १८२० मध्ये पोर्तुगालात उदारमतवादी क्रांती झाली. पुढच्याच वर्षी गोव्यात पहिलं सरकारी वृत्तपत्र छापून निघालं, आणि लवकरच गोव्याचे निवडून दिलेले प्रतिनिधी लिस्बनच्या संसदेकडे निघाले. अडीच वाजताच्या झोपेवर याहून चांगला उतारा ठाऊक नाही: हातात पट्टी, समोर मिलिमीटर.

जर्मनी आणि इटलीचं एकीकरण हे आणखी एक दुखणं. धडे दोन, म्हणून मुलं दोनदा पाठ करतात आणि परीक्षेत जर्मनीच्या बिस्मार्कला इटलीत धाडतात. ते एकाच कागदावर, दोन स्तंभांत घ्यावं. १८६६ मध्ये प्रशियाने, म्हणजे जर्मनी एक करणाऱ्या राज्याने, ऑस्ट्रियाला हरवलं. इटली प्रशियाच्या बाजूने होती, स्वतः कुस्तोझाच्या लढाईत हरली, तरी व्हेनिस तिला मिळालं. १८७० मध्ये प्रशिया फ्रान्सवर गेला. रोममध्ये पोपच्या रक्षणाला असलेली फ्रेंच तुकडी परत बोलवावी लागली आणि इटलीचं सैन्य रोममध्ये शिरलं. दोन्ही वेळा लढाई उत्तरेत आणि फळ दक्षिणेत. हे दिसलं की पाठ करायच्या तारखा निम्म्या होतात. रशियाच्या 'ऑक्टोबर' क्रांतीला ७ नोव्हेंबर १९१७ ही तारीख का, यावरही एक ओळ पुरते: रशियात तोवर जुनी ज्युलियन दिनदर्शिका चालू होती आणि ती १३ दिवस मागे होती. पोर्तुगाल आणि स्पेनने हा बदल १५८२ मध्येच उरकून घेतला होता.

आपल्याकडे युरोपचा इतिहास बसच्या खिडकीतूनही दिसतो, ही सोय लातूर-परभणीच्या मुलांना नाही. मात्र बघण्याचीही शिस्त हवी. जुन्या गोव्यातल्या बॉम जेझू चर्चची उघडी, तांबडी चिऱ्याची भिंत पाहून सगळे 'किती जुनी' म्हणतात. ती जुनी आहेच, पण तिच्यावर गिलावा होता. तो विसाव्या शतकाच्या मध्यात काढला गेला. म्हणजे आज दिसतं ते रूप सतराव्या शतकातल्या माणसाने पाहिलेलंच नाही. सहलीच्या वहीत दोन रकाने करावेत: 'काय दिसतं' आणि 'हे कधीपासून असं आहे'. दुसरा रकाना बहुधा रिकामा राहतो. तो भरायला पणजीच्या मध्यवर्ती ग्रंथालयात जावं.

भाषेकडे वळलं की गोव्यातलं मूल खरं तर श्रीमंत. घरी कोकणी, भजनात आणि जत्रेच्या नाटकात मराठी, वर्गात इंग्रजी, दूरदर्शनवर हिंदी. बोलण्याची अडचण नाही. अडचण येते ती कागदावर.

शुद्धलेखनाचा एकच नियम घेऊ, कारण सगळ्यात जास्त गुण तोच खातो. शब्दाच्या शेवटून दुसऱ्या अक्षराची वेलांटी किंवा उकार दीर्घ असेल तर प्रत्यय लागताना तो ऱ्हस्व होतो: पूल, पुलावर, बहीण, बहिणीला. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले अकारान्त शब्द याला अपवाद: शरीर, शरीराला. लक्षात ठेवायची युक्ती कोर्टात आहे. वकील वकिलाला होतो, न्यायाधीश मात्र न्यायाधीशालाच राहतो. मांडवीच्या 'पूलावर' वाहतूक खोळंबल्याची निवेदनं मोठी माणसंही लिहितात, तेव्हा मुलांना फार रागावू नये.

पत्रलेखनात घोटाळा वेगळाच. दिनांक, प्रति, विषय, मायना सगळं जागच्या जागी असतं, आणि मजकूर 'वरील विषयास अनुसरून आपणांस कळविण्यात येते की' असा सुरू होऊन चौथ्या ओळीपर्यंत काहीच कळवत नाही. आधी मजकूर लिहावा, मायना शेवटी चढवावा. 'आमच्या वाड्यावरच्या १४ क्रमांकाच्या खांबावरील दिवा ३ जूनपासून बंद आहे. शिकवणीहून येणारी मुले याच वाटेने येतात. दिवा या आठवड्यात बदलावा.' कुठे, कधीपासून, कुणाला त्रास, काय हवं. चार गोष्टी, तीन वाक्यं. वीज खात्यातला माणूस खांब शोधत येऊ शकतो, ही त्या पत्राची परीक्षा. पाच गुण हा वरचा नफा.

सारांशालाही हेच लागू. मूळ उताऱ्याचे शब्द मोजायचे, त्या आकड्याचा तिसरा हिस्सा पेन्सिलीने वहीच्या कडेला लिहायचा, मग उतारा झाकायचा आणि आठवेल ते लिहायचं. उतारा समोर ठेवून सारांश केला की तो सारांश राहत नाही, उताऱ्याची वाक्यं एकाआड एक उतरतात.

भाषण हा घशाचा विषय, आणि इथे जत्रेची नाटकं कामी येतात. पाठांतर, शेवटच्या रांगेपर्यंत जाणारा आवाज, टाळ्यांसाठी थांबणं, हे सगळं तालमीला बसलेल्या मुलाला आयतं मिळतं. त्यासोबत संभाजीचा आवेशही येतो आणि 'प्लास्टिकचा वापर टाळा' हे वाक्य रणांगणावरून येतं. ते उतरवायला सोपा उपाय आहे: भाषण एकदा खुर्चीत बसून, समोरच्या एकाच माणसाला सांगायचं, मगच उभं राहायचं. सावकाश, स्पष्ट बोलताना मिनिटाला शंभर ते सव्वाशे शब्द होतात. म्हणजे तीन मिनिटांच्या स्पर्धेला ३३० शब्दांपुढे जाऊ नये. मुलं सहाशे-सातशे लिहून आणतात, मग दुसऱ्या मिनिटापासून गाडी धावत सुटते आणि शेवट घंटेखाली सापडतो. कात्री लावताना सुरुवातीची 'आदरणीय व्यासपीठ, पूज्य गुरुजनवर्ग, सुजाण परीक्षक आणि येथे जमलेल्या माझ्या बालमित्रांनो' ही आरती आधी पाहावी. ती तीन शब्दांवर आणली तर दोन उदाहरणांना पुरेल एवढा श्वास वाचतो. हा सराव मात्र तिन्हीसांजेला, दिवा-बत्ती झाल्यावर ठेवावा. अडीच वाजता घरातली बाकीची माणसं आडवी झालेली असतात.