“तो त्यांचा इतिहास”

मी राहते ते बर्मिंगहॅम अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातलं. यंदा मंडळाच्या हळदीकुंकवात कृष्णवर्णीयांचे नेते मार्टिन ल्यूथर किंग यांच्या सुट्टीचा विषय निघाला आणि कुणीतरी सहज बोलून गेलं, “सुट्टी मिळते ते बरं, पण तो त्यांचा इतिहास. आपला काय संबंध?”

मला ते लागलं. कारण इथली पहिली चार वर्षं मीही तसंच धरून चालले होते. डोळे उघडले ते शेजारच्या आजींमुळे.

मे १९६३ मध्ये त्या तेरा वर्षांच्या होत्या. वर्ग सोडून शेकडो कृष्णवर्णीय मुलं वर्णभेदाविरुद्ध सोळाव्या रस्त्यावरच्या बॅप्टिस्ट चर्चमधून रांगेने निघाली, त्यांत त्याही होत्या. समोरच्या केली इन्ग्रॅम पार्कात पोलिसांनी मुलांवर कुत्रे घातले, बंबांचे फवारे सोडले. “त्या पाण्याने झाडाची साल निघायची,” असं म्हणत त्यांनी दंडावरून हात फिरवला, जणू अजून दुखतंय. त्याच वर्षी १५ सप्टेंबरला त्या चर्चमध्ये बॉम्ब फुटला. चार मुली गेल्या. तिघी चौदाच्या, एक अकराची. रंगीत काचांची एकच खिडकी शाबूत राहिली, आणि तिच्यातल्या येशूचा चेहरा तेवढा उडाला होता.

आता आपला संबंध. १९४६ च्या कायद्याने भारतातून वर्षाला फक्त १०० जणांना इथे कायम राहायला येता येत असे. वंश आणि जन्मदेश पाहून माणूस तोलायची ही रीत मोडली ती ३ ऑक्टोबर १९६५ च्या कायद्याने. त्याआधी १९६४ चा नागरी हक्क कायदा आला होता, ऑगस्ट १९६५ मध्ये मतदानाच्या हक्काचा. तिन्हींमागे एकच रेटा होता, नागरी हक्कांच्या चळवळीचा. आपल्या हातातलं ग्रीन कार्ड त्या मुलांनी अंगावर घेतलेल्या पाण्यातून आलंय, असं मी मंडळात स्पष्ट बोलले. थोडा वेळ कुणी काही म्हणालं नाही. मग दोन घरांनी विचारलं, “पार्कात कधी नेतेस?”

आणि ज्या भाषेत दलित पँथर उभी राहिली, नावासकट इथल्या कृष्णवर्णीयांच्या ब्लॅक पँथर संघटनेची आठवण ठेवून, त्या भाषेच्या माणसांनी “आपला काय संबंध” म्हणावं?

परवा आजींना जोतीराव फुल्यांबद्दल सांगितलं. ‘गुलामगिरी’ची अर्पणपत्रिका गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सज्जनांना आहे, आणि ती इंग्रजीतच आहे. फोनवरून वाचून दाखवली. त्या डोळे मिटून ऐकत होत्या.

“कोणतं साल?”

“१८७३.”

“माझी पणजी तेव्हा दहा-बारा वर्षांची असेल. गुलामीत जन्मलेली.” मग त्यांनी नाव पुन्हा विचारलं आणि हळूहळू, तीनदा म्हणून पाहिलं. जो-ती-राव.