पांढऱ्या

रविवार, रात्रीचे पावणेबारा

पाय दुखताहेत. सकाळी दहापासून सहापर्यंत उभी होते, त्यातही बराच वेळ कुणाच्या ना कुणाच्या टेबलावर वाकून. विज्ञानकथांमधली खेळणी जमवणाऱ्यांचा मेळा म्हणजे आपल्यासारखी दहा-बारा डोकी असतील, असं मला वाटलं होतं. दारातच ही रांग! आणि निम्म्या लोकांच्या हातात रिकाम्या पिशव्या. भरून न्यायच्या इराद्याने आलेली माणसं चेहऱ्यावरूनच कळतात.

माझा इरादा वेगळा होता आणि तो धाकट्या भावाला सांगितला नव्हता. मला त्याच्यासाठी पांढऱ्या हवा होता.

हे एकदा लिहून काढायलाच हवं, कारण अजून कुणाजवळ नीट कबूल केलेलं नाही. पांढऱ्या म्हणजे 'स्टार वॉर्स' चित्रपटातला पांढऱ्या चिलखताचा शिपाई, स्टॉर्मट्रूपर; केनर या खेळण्यांच्या कंपनीचा बाहुला, पावणेचार इंची. भावाकडे आला तोच दुसऱ्या कुणाच्या हातून. नाव पांढऱ्या, पण वर्षागणिक पिवळा पडत गेला. हातपाय बरे होते, छाती-पोट मात्र जुन्या दातासारखं. एबीएस प्लास्टिकमध्ये ब्युटाडाइन नावाचा रबरी घटक असतो, प्रकाश आणि हवेतला ऑक्सिजन लागून तो बदलतो आणि रंग उतरतो, एवढं मला आता पाठ आहे. तेव्हा फक्त उपाय ठाऊक होता : हायड्रोजन पेरॉक्साइड आणि ऊन. जुने कॉम्प्युटर जपणाऱ्या मंडळींनी २००८ च्या सुमारास ही युक्ती लोकप्रिय केली. युक्ती खोटी नाही. मी केसांना लावायचं पेरॉक्साइडचं क्रीम आणलं, त्याला अंगभर थापलं, वरून क्लिंग फिल्म, म्हणजे पातळ पारदर्शक प्लास्टिक, गुंडाळली, उन्हात ठेवलं आणि खुशाल झोपले.

फिल्मला जिथे सुरकुती पडली होती तिथे क्रीम बसलंच नव्हतं. सोडवला तर अंगावर संगमरवरासारख्या रेघा. भाऊ एवढंच म्हणाला, "ताई, झेब्रा केलास की गं याचा." पुढे चकार शब्द नाही. पण तेव्हापासून पांढऱ्या कपाटात भिंतीकडे तोंड करून उभा असतो. आणि वर्षभरात रेघांसकट पुन्हा पिवळा पडायला लागला, ते वेगळंच.

तर आजची गोष्ट.

आत शिरल्यावर पहिला अर्धा तास मी काही शोधलंच नाही, नुसती बघत सुटले. पत्र्याचे जपानी रोबॉट मी प्रथमच इतक्या जवळून पाहिले. छातीवरची मीटरं, काटे, बटणं सगळी छापलेली. आधी सपाट पत्र्यावर छपाई, मग ठोकून आकार, मग कडांच्या जिभा खाचेत घालून वाकवायच्या. एकाची पाठ उघडी होती. आत सेल फुटून पांढरी बुरशीसारखी पूड साचलेली आणि स्प्रिंग गंजून गेलेली. विकणाऱ्या बाईंनी दुसऱ्या एकाला किल्ली दिली, मोजून दोन वळसे. "जास्त नाही द्यायची, वय झालंय त्याचं," म्हणाल्या. तो चार पावलं खरखरत चालला आणि टेबलाच्या कडेला येऊन थांबला. आम्ही तिघीचौघी उगाचच हसलो.

शेजारी पॉपी या जपानी कंपनीचे 'चोगोकिन' रोबॉट, १९७४ पासूनचे. जस्ताच्या मिश्रधातूत ओतलेले. फोटोत त्यांचं वजन कळत नाही. हातात घेतल्यावर मनगट खाली जातं.

भाऊ तोवर ट्रान्सफॉर्मर्सच्या कोपऱ्यात हरवला होता. तिथे गेलं की तो समोर येईल त्याला सांगतो, की हे मुळात ताकारा कंपनीच्या डायाक्लोन आणि मायक्रोचेंज या जपानी खेळण्यांच्या मालिकांमधले साचे आणि हॅस्ब्रो या अमेरिकन कंपनीने १९८४ मध्ये त्यांना नवी नावं, नवी भांडणं दिली. आज सांगायला पंधरा-सोळा वर्षांचा एक मुलगा मिळाला, तोही उलट याचीच चूक काढणारा. दोघं खूश. त्या टेबलावर सोनेरी प्लास्टिकचा एक रोबॉट होता, गाडीच्या रूपात, आणि खाली चिठ्ठी : 'हात लावू नये'. सोनेरी चमक यावी म्हणून प्लास्टिकमध्ये जी चकाकी मिसळत, तिने प्लास्टिक कमकुवत होतं आणि काही वर्षांनी सांधा नुसता फिरवला तरी तुकडे पडतात. डबीत बंद ठेवला तरी सुटका नाही. म्हणजे रूप बदलायला जन्माला आलेला, आणि आता रूप बदललं की मेला. मालक बिचारा दिवसभर त्याच्याजवळ पहारा देत बसला होता.

सगळ्यात जास्त वेळ मात्र मी एका बिनबाहुल्यांच्या पाकिटापाशी काढला. १९७७ च्या नाताळातलं 'अर्ली बर्ड' पाकीट. 'स्टार वॉर्स' मे महिन्यात आला, खेळण्यांचा करार त्याआधी थोडेच दिवस झालेला, आणि साचे पाडून बाहुले दुकानात आणायला वेळच उरला नव्हता. केनरने मग काय करावं? सपाट पुठ्ठ्याचं पाकीट विकलं. आत एक पुठ्ठ्याचा मंच, काही स्टिकर आणि एक कूपन. कूपन पोस्टाने पाठवा, पुढच्या वर्षी चार बाहुले घरी येतील. ल्यूक, लेया, च्यूबाका आणि आरटू-डीटू. मंचावर जागा बाराजणांची! नाताळच्या सकाळी पाकीट फोडून त्या बारा मोकळ्या जागांकडे बघत बसलेलं पोर माझ्या डोळ्यांपुढून हलेना. या पाकिटात कूपन अजून शाबूत होतं, म्हणजे या पोराने ते पाठवलंच नाही. का नाही पाठवलं? मालकाला विचारलं तर तो म्हणाला, "म्हणून तर किंमत आहे." हे काही माझ्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं.

पाठीवरून रॉकेट उडवणारा बोबा फेट, 'स्टार वॉर्स'मधलाच, तोही दिसला, पण ठळक अक्षरात 'रिप्रो', म्हणजे नक्कल, असं लिहिलेला. हे मला आवडलं. खरा तसा कधी विकलाच गेला नाही. १९७९ मध्ये पोस्टाने मिळणारा बाहुला म्हणून त्याची जाहिरात झाली होती, पण त्याच सुमारास दुसऱ्या एका खेळण्यातल्या यानाचं क्षेपणास्त्र घशात अडकून एक मूल दगावलं. केनरने स्प्रिंग काढली, रॉकेट पाठीला पक्कं चिकटवलं आणि जाहिरातीतल्या चित्रावर स्टिकर डकवला.

चारच्या सुमारास पांढऱ्या सापडला.

शेवटच्या रांगेत एक काका, समोर सुटे बाहुले ओळीने उभे केलेले. पुढच्याच ओळीत तो. असा पांढरा की शेजारचे सगळे आजारी वाटावेत. "घ्या ना हातात," काका म्हणाले. पाय ताठ होते, मान घट्ट, कमरेचा काळा रंग शाबूत. मांडीच्या मागे ती बारीक अक्षरं : जीएमएफजीआय, १९७७. जनरल मिल्स फन ग्रुप. पीठ आणि सकाळच्या न्याहारीचं सीरियल विकणाऱ्या कंपनीची सही, अंतराळातल्या शिपायाच्या मांडीवर. मी किंमत विचारली. जास्त होती, पण झेब्र्याचं पाप फिटणार होतं. पाकिटात हात घातलासुद्धा.

आणि सवयीने मोबाइलचा टॉर्च तिरका धरला.

पाठीवर, खांद्यापासून कमरेपर्यंत, एक रेघ. केसाएवढी, जेमतेम दिसणारी. तिच्या बाजूने दोन छोट्या, फाट्यासारख्या. दुसऱ्या कुणाला ती दिसली नसती. मला ती झोपेतही ओळखता येईल, क्लिंग फिल्मची सुरकुती आहे ती.

आता खरं लिहायचं तर पहिला विचार चांगला नव्हता. हे सांगून किंमत पाडून घ्यावी, असा होता. दुसरा विचार, काही न बोलता ठेवून निघून जावं. बराच वेळ मी त्याला हातात धरून उभी असणार, कारण काकांनीच विचारलं, "काय झालं?"

"हा ब्लीच केलाय, काका."

त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, माझाच टॉर्च घेतला आणि बाहुला नाकाशी नेला. मला वाटलं आता चिडणार. "आख्खी पेटी उचलली होती एकाकडून," ते स्वतःशीच म्हणाले. मग माझ्याकडे बघून, "पण तुम्हाला कसं कळलं हे?"

"मी केलंय हे. घरी एक आहे असाच. याच्यापेक्षा वाईट."

काका मोठ्याने हसले. पेन काढून चिठ्ठीवर किमतीखाली लिहिलं, 'ब्लीच केलेला', किंमत खोडून कमी केली आणि त्याला मागच्या ओळीत नेऊन उभा केला. मग मलाच प्रश्न सुरू झाले. क्रीम कुठलं? किती तास? ऊन कडक होतं का? परत पिवळा पडायला किती महिने लागले? मी सांगत गेले आणि ते पावतीपुस्तकाच्या मागच्या पानावर टिपून घेत गेले. "तुमचा आणायला हवा होता," शेवटी म्हणाले. "बिघडलेला मला कुणी दाखवतच नाही. सगळे जमलेलेच दाखवतात."

कमी झालेल्या किमतीतही मी तो घेतला नाही. एका घरात असले दोन कशाला?

भाऊ भेटला तेव्हा त्याच्या पिशवीत दिवसभराची कमाई होती कुठल्याशा रोबॉटचा फक्त उजवा पंजा. परत येताना मी त्याला सगळं सांगितलं, काय घ्यायला गेले होते तेही. तो बराच वेळ गप्प. मग, "मला पांढरा कोण म्हणालं हवाय?"

"मग भिंतीकडे तोंड करून का ठेवतोस?"

"अगं, पाठ बघण्यासारखी आहे त्याची म्हणून."

मला ही थाप वाटली. घरी आल्या आल्या त्याने चपलाही न काढता कपाट उघडलं, पांढऱ्याला बाहेर काढलं आणि टॉर्च तिरका धरला, थेट काकांसारखा. रेघांच्या मधोमध, दोन खांद्यांच्या बरोबर मध्ये, एक पिवळा गोल डाग. फिल्म दाबून बसवताना तिथलं क्रीम बाजूला सरकलं असणार.

"लाव बोट," तो म्हणाला.

मी अंगठ्याचं टोक टेकवलं. बरोबर बसलं.