देणगीदारांची यादी चाळताना रकमेचा कॉलम शेवटी बघा

मोठे देणगीदार शोधायचे म्हटलं की बहुतेक संस्थांमध्ये एकच गोष्ट होते. एक्सेलमध्ये एकूण रकमेचा कॉलम उतरत्या क्रमाने लावायचा आणि वरची पन्नास नावं उचलायची. ही यादी चुकीची नसते, पण तिचा उपयोग काय? त्या पन्नास जणांना संस्थेतले सगळे आधीच ओळखतात. शोधायची असतात ती चारशेव्या-पाचशेव्या क्रमांकावरची माणसं, जी दोन वर्षांनी वर दिसू शकतात.

पण आधी साफसफाई. निम्म्याहून जास्त वेळ इथेच जातो आणि तो जाऊ द्यावा. एकच व्यक्ती आद्याक्षरांनी एकदा, पूर्ण नावाने एकदा आणि स्पेलिंग बदलून तिसऱ्यांदा नोंदलेली असते. तिच्या सहा देणग्या तीन ठिकाणी दोन-दोन अशा विखुरतात आणि नियमित देणारा माणूस अधूनमधून देणारा दिसतो. नुसत्या नावावरून जुळवू नका. फोन नंबरातले आकडे तेवढे ठेवा, उजवीकडचे आठ घ्या (एक्सेल सुरुवातीचं शून्य खातं आणि देशाचा कोड कधी असतो, कधी नसतो, म्हणून उजवीकडून) आणि त्याला आडनावाची पहिली तीन अक्षरं जोडा. दोन्ही जुळलं आणि पहिलं नावही विसंगत नसेल, तर नोंदी एकत्र करा. एकच गोष्ट जुळली तर माणसाने डोळ्यांनी बघायचं. नवरा-बायकोचा फोन एकच असला तरी त्यांना एक व्यक्ती करू नका. दोघांना एक कुटुंब-क्रमांक द्या. जुने आयडी पुसू नका, कोणता कशात मिसळला याचा वेगळा तक्ता ठेवा. चुकीचं विलीनीकरण सोडवायची वेळ येतेच.

तारखांचा घोळ आणखी फसवा असतो. एक्सेल 'महिना आधी' या सेटिंगवर असेल तर ०३/०४ ही ३ एप्रिल मुकाट्याने ४ मार्च होते, आणि २५/०४ मात्र तारीख न बनता मजकूर म्हणून सेलच्या डाव्या कडेला पडून राहते. एकाच कॉलममध्ये काही तारखा डावीकडे, काही उजवीकडे दिसल्या की समजायचं, उजवीकडच्याही चुकल्या आहेत. मूळ फाइल पुन्हा इम्पोर्ट करणं हाच उपाय.

न वटलेले चेक, कार्यक्रमाची तिकिटं आणि नुसती आश्वासनं देणगीच्या बेरजेतून बाहेर काढा. कंपनीच्या नावाने आलेल्या रकमेमागे निर्णय कोणाचा होता, ते नाव वेगळ्या कॉलममध्ये हवं. नाहीतर ती व्यक्ती यादीत शून्यावर बसते.

आता गुण. शेवटची देणगी कधी, किती वेळा, किती रक्कम, या तिन्हींसाठी यादीचे पाच समान भाग पाडून १ ते ५ गुण देण्याची आरएफएम (रिसेन्सी, फ्रिक्वेन्सी, मॉनेटरी) पद्धत जुनी आहे आणि अजूनही पुरते. अडचण येते ती 'किती वेळा'मध्ये. यादीतल्या बहुतेकांनी एकदाच दिलेलं असतं, त्यामुळे पाच समान भाग पडतच नाहीत. तिथे हाताने गट करा: १, २, ३–४, ५–९, १० आणि वर. शिवाय दरमहा आपोआप कापली जाणारी देणगी वर्षाला १२ वेळा मोजली तर सगळे मासिक देणगीदार माथ्यावर जाऊन बसतात. त्याऐवजी 'गेल्या ५ वर्षांपैकी किती वर्षांत दिलं' हा कॉलम करा. एकच निवडायचा झाला तर मी हाच निवडेन.

त्याच्या शेजारी वाढीचा कॉलम हवा: गेल्या दोन वर्षांची सरासरी भागिले आधीच्या दोन वर्षांची सरासरी. पाचपैकी चार वर्षं दिलेला आणि हे गुणोत्तर दोनच्या वर असलेला माणूस, रक्कम मधली असली तरी, भेटायलाच हवा. आधीची दोन वर्षं कोरी असतील तर भागाकार करू नका, त्यांना 'नवीन' असा वेगळा गट द्या. आणि वर्षानुवर्षं छोटी रक्कम न चुकता देणारे? त्यांच्याकडे मोठा चेक मागू नका. मृत्युपत्रातल्या देणगीचा विषय याच गटाशी काढावा.

ऐपत वेगळ्या कॉलममध्ये ठेवा, गुणांत मिसळू नका. श्रीमंत पण संस्थेशी काही संबंध नसलेला माणूस बेरजेत वर येतो आणि कार्यकर्त्यांचे महिने खातो.

मोठी देणगी कोण देईल याचा जुन्या नोंदींवरून अंदाज बांधणारं संगणकी मॉडेल करायचंच असेल तर आधी एक तारीख ठरवा. तिच्या आधीची माहिती इनपुट, नंतरची देणगी उत्तर. ही शिस्त मोडली की 'विश्वस्तांसोबत जेवण' हा कॉलम सगळ्यात प्रभावी ठरतो, कारण ते जेवण मोठ्या देणगीनंतरच दिलेलं असतं. अचूकतेच्या टक्क्यांवरही जाऊ नका. १०,००० जणांत ४० मोठे देणगीदार असतील तर 'कोणीच देणार नाही' म्हणणारं मॉडेलही ९९.६ टक्के अचूक असतं. वरच्या १,००० नावांत त्या ४० पैकी किती आले ते मोजा; चिठ्ठ्या टाकून सरासरी चार येतील.

सगळ्यात कमी बोललं जातं ते हे: ज्यांच्याकडे कधी मागितलंच नाही, त्यांच्यापुढे 'दिलं नाही' एवढंच दिसतं. मॉडेल मग मागण्याची जुनी सवयच शिकतं. म्हणून 'मागितलं का, कधी, किती' हे तीन कॉलम आजपासून सुरू करा, आणि दर फेरीत दहा टक्के नावं गुणांकडे न बघता निवडून त्यांनाही विचारा.

कार्यकर्त्याच्या हातात ५०० नावं देऊ नका. ३० द्या आणि प्रत्येकापुढे कारण लिहा: '५ पैकी ५ वर्षं, रक्कम अडीचपट, दोनदा स्वयंसेवक'. नुसते गुण बघून कोणी फोन उचलत नाही. शेरे मात्र असेच लिहा की उद्या देणगीदाराने स्वतःची नोंद मागितली तर ती दाखवताना लाज वाटू नये.