वहीतली भूमिका

पडद्यावरचा कर्सर एका स्वल्पविरामाला टेकून उभा होता. वार्षिक हवामान परिषदेच्या पहिल्या आठवड्यातली ती शुक्रवारची रात्र होती, 11 वाजून 40 मिनिटे झाली होती, आणि दुसऱ्या दिवशी सहाय्यकारी मंडळांचा, म्हणजे परिषदेसाठी मसुदे तयार करणाऱ्या समित्यांचा, समारोप असल्यामुळे हा मसुदा त्याच रात्री पुरा होणे भाग होते. सचिवालयाची अधिकारी कीबोर्डवर बोट ठेवून चर्चा चालवणाऱ्या दोन्ही सहसूत्रधारांकडे पाहत होती आणि सहसूत्रधार माझ्याकडे. जी-77 आणि चीन या गटाच्या वतीने त्या विषयाची मी समन्वयक होते. म्हणजे 130 हून अधिक विकसनशील देशांचा होकार किंवा नकार माझ्या तोंडून जायचा होता. विकसित देशांनी देवाणघेवाण पुढे ठेवली होती: हा स्वल्पविराम तुम्ही सोडा, खालच्या परिच्छेदातल्या ‘नवीन आणि अतिरिक्त’ या शब्दांभोवतीचे चौकटी कंस, म्हणजे सहमती नसल्याची खूण, आम्ही काढतो. मी दहा मिनिटे मागून घेतली. त्या दहा मिनिटांत मी जे केले ते नियमाला धरून होते, आणि तरीही ते योग्य होते का, याचा निकाल मला अजून लावता आलेला नाही. परिषदेचे वर्ष आणि माणसांची नावे मी देत नाही. बंद खोलीतले बोलणे नावानिशी बाहेर न्यायचे नाही, हा आमच्या कामातला संकेत आहे आणि तो मला मान्य आहे.

वाक्य होते हवामान बदलामुळे होणाऱ्या हानी आणि नुकसानीसाठी मदत कोणाला मिळावी याविषयीचे. आमच्या गटाच्या इंग्रजी मजकुरात ‘विकसनशील देश’ या शब्दांनंतर स्वल्पविराम होता आणि पुढे ‘विच’ने सुरू होणारे उपवाक्य. समोरच्यांना स्वल्पविराम काढून ‘विच’च्या जागी ‘दॅट’ हवे होते. आपल्या भाषेत या दोन अर्थांसाठी वाक्याची ठेवणच बदलावी लागते, म्हणून मला तो फरक मराठीत लिहून पाहिल्यावर अधिक स्वच्छ दिसतो. पहिले वाक्य असे: ‘विकसनशील देशांना, कारण ते या दुष्परिणामांना विशेष बळी पडतात, मदत मिळावी.’ दुसरे असे: ‘जे विकसनशील देश या दुष्परिणामांना विशेष बळी पडतात, त्यांना मदत मिळावी.’ पहिल्यात सगळे विकसनशील देश येतात. दुसऱ्यात काही येतात आणि काही बाहेर राहतात. कोणते, हे कोणी तरी पुढे ठरवणार. 2022 मध्ये इजिप्तमधल्या शर्म अल-शेखच्या परिषदेत यासाठी निधी स्थापन करण्याचा जो निर्णय झाला, त्यात ‘दॅट’च आहे आणि ‘विशेष बळी’ म्हणजे कोण याची व्याख्या नाही. त्यामुळे ‘हा मजकूर तुम्ही पूर्वीच मान्य केलेला आहे’ असे म्हणणे समोरच्यांना सोपे होते. आम्ही त्या शब्दाला नव्याने हात घालत होतो.

बाहेरच्या माणसाला ही शब्दांची कुस्ती वाटते. पॅरिसला हवामान करार मंजूर होताना 12 डिसेंबर 2015 च्या संध्याकाळी विकसित देशांच्या उत्सर्जन-उद्दिष्टांविषयीच्या वाक्यातले ‘शॅल’ काढून तिथे ‘शुड’ घातले गेले, आणि ही दुरुस्ती तांत्रिक चुकांच्या यादीत वाचून दाखवण्यात आली. बंधन आणि अपेक्षा यांच्यातले अंतर तेवढ्याने बदलले. हानी आणि नुकसानीच्या बाबतीत तर एकेका शब्दासाठी वर्षे गेली आहेत. वानुआतूने छोट्या द्वीपराष्ट्रांच्या आघाडीतर्फे समुद्रपातळीच्या वाढीने होणाऱ्या नुकसानीसाठी आंतरराष्ट्रीय विमा निधी मागितला तो 1991 मध्ये. कोणत्याही स्वरूपाचा निधी उभा करण्याचा निर्णय झाला तो 2022 मध्ये. मधल्या काळात पॅरिस करारात हानी आणि नुकसानीविषयीचे आठवे कलम आले, पण सोबतच्या निर्णयाच्या 51 व्या परिच्छेदात ‘या कलमाच्या आधारे कोणतीही जबाबदारी किंवा भरपाई मागता येणार नाही’ असे लिहून घेतले गेले. त्या परिच्छेदाबद्दल मला आजही राग आहे.

आणि इतके करून हाती आलेली रक्कम पाहिली, की स्वल्पविरामासाठी लोक रात्र का जागवतात ते कळते. 2024 अखेरपर्यंत या निधीसाठी जाहीर झालेली एकूण रक्कम 80 कोटी डॉलरच्याही आतच होती. 2022 च्या एका पुरात एकट्या पाकिस्तानचे मालमत्तेचे आणि अर्थव्यवस्थेचे मिळून 3000 कोटी डॉलरहून अधिक नुकसान झाले. पाकिस्तान अल्पविकसित देशांच्या यादीत नाही आणि द्वीपराष्ट्र तर नाहीच; ‘विशेष बळी’ म्हणजे फक्त हे दोन गट असा अरुंद अर्थ लावला, तर 3 कोटी 30 लाख माणसे पुरात सापडलेला देश दाराबाहेर राहू शकतो. उलट बाजूही तितकीच खरी आहे. 2017 मध्ये मारिया चक्रीवादळाने डॉमिनिकाचे जे नुकसान केले ते त्या देशाच्या वार्षिक उत्पन्नाच्या दुपटीहून जास्त होते. अशा देशाला रांगेत मोठ्या अर्थव्यवस्थांच्या मागे उभे करायचे का? ताटात वाढलेलेच इतके कमी, की पंगतीत कोण बसणार याचे भांडण आमचे आमच्यातच लागते. आणि ते लागावे अशीच वाढप्यांची सोय असते, असे माझे मत आहे.

समन्वयकाचे काम म्हणजे समोरच्यांशी भांडणे, असा समज आहे. प्रत्यक्षात निम्म्याहून अधिक वेळ गटातच जातो. रोज सकाळी अधिकृत बैठकांच्या आधी गटाची बैठक होते. अल्पविकसित देशांचा आणि छोट्या द्वीपराष्ट्रांचा नावानिशी उल्लेख केला की आफ्रिकी गट आपल्या विशेष परिस्थितीचा उल्लेख मागतो, मग डोंगराळ देश मागतात, आणि प्रत्येकाची मागणी त्याच्या जागी योग्य असते. मतदानाचा नियम 1995 पासून आजतागायत संमत झालेला नाही, त्यामुळे सगळे सहमतीने चालते. सहमती म्हणजे सर्वांचा होकार असे नव्हे. त्या क्षणी त्या ठिकाणी कोणाचा आक्षेप न येणे. या व्याख्येतले ‘त्या ठिकाणी’ हे शब्द किती जड आहेत, हे मला त्या रात्रीपर्यंत पुरते कळले नव्हते.

कारण त्या ठिकाणी असणे ही चैन आहे. मोठी शिष्टमंडळे एकेका विषयाला चार-चार माणसे देतात. त्यांतला एक फक्त कायद्याची बाजू पाहतो. छोट्या देशाची दोन-तीन माणसे एकाच वेळी चाललेल्या सात-आठ खोल्यांत धावत असतात. अनौपचारिक चर्चा, जिथे खरा मजकूर ठरतो, केवळ इंग्रजीत होतात. दुभाषे असतात ते मोठ्या सभागृहात, निर्णय वाचून दाखवताना. फ्रेंच किंवा पोर्तुगीज बोलणाऱ्या सहकाऱ्याला ‘विच’ आणि ‘दॅट’मधला फरक मध्यरात्री पडद्यावर सरकणाऱ्या ओळीत पकडावा लागतो. या व्यवस्थेला समान संधी म्हणणे मला कधीच जमलेले नाही.

त्या विषयावर एका छोट्या द्वीपराष्ट्राच्या प्रतिनिधी होत्या. माझ्याहून वयाने आणि अनुभवाने मोठ्या, बोलणे हळू, पण त्यांनी बोलण्यासाठी नामपाटी उभी केली की खोली गप्प होई. पहिल्याच दिवशी त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितले होते: “आमच्या देशाला 2022 चा मजकूर चालेल. तो बदलू नका. पात्रतेचा वाद नव्याने उघडला तर सगळ्यात उशीर आम्हालाच होईल.” मी वहीत तारीख घालून ते जसेच्या तसे लिहिले. माझ्या वहीत प्रत्येक देशाला अर्धे पान असते. डाव्या समासात भूमिका, उजवीकडे ती किती ताणता येईल याचा माझा अंदाज. त्यांच्या पानावर उजवीकडे मी काहीच लिहिले नव्हते, कारण ताणायला जागा दिसत नव्हती. पुढच्या गट-बैठकांत हा विषय आला तेव्हा दोनदा त्या दुसऱ्या खोलीत होत्या, आणि स्वल्पविरामाचा मजकूर गटाचा म्हणून पुढे गेला.

दहा मिनिटांसाठी आम्ही मार्गिकेत घोळका करून उभे राहिलो. आमच्यातले सुमारे पंचवीस देश तिथे होते. मी देवाणघेवाण समजावून सांगितली. ‘नवीन आणि अतिरिक्त’ हे शब्द 1992 च्या मूळ हवामान कराराच्या चौथ्या कलमात आहेत. ते नसले की जुनीच विकासमदत नवा शिक्का मारून हवामाननिधी म्हणून मोजता येते. ते कंसातून सुटणे ही लहान गोष्ट नव्हती. तरीही एका मोठ्या देशाच्या सहकाऱ्याने ठामपणे सांगितले, की एकदा ‘दॅट’ला पुन्हा मान्यता दिली तर आपण तो अर्थ कायमचा पत्करला असे होईल. पुराचा अनुभव असलेल्या देशाचे प्रतिनिधी त्यांच्या बाजूने बोलले, आणि ते बोलणे अस्सल होते. मी फोन काढून द्वीपराष्ट्राच्या त्या बाईंना संदेश पाठवला. एक खूण उमटली, दुसरी उमटेना. सहसूत्रधारांपैकी एकाने दारातून घड्याळ दाखवले. मी विचारले, “स्वल्पविराम ठेवायचा, असे मी सांगू का? कोणाचा आक्षेप?” कोणी बोलले नाही.

मी बोलू शकत होते. वही माझ्या हातात होती. पण समन्वयकाने कोणा एका देशाची भूमिका मांडायची नसते. ज्याची भूमिका त्याने मांडावी, हा गटाचा जुना दंडक आहे आणि त्याला सबळ कारण आहे. समन्वयक भूमिका वाचायला लागला की कोणाची वाचायची आणि कोणाची गाळायची ही सत्ता त्याच्या हाती जाते. हे सगळे खरे आहे. पण त्या क्षणी माझ्या मनात दंडक नव्हता, भीती होती. त्यांचा आक्षेप मी उच्चारला असता तर गटाची एक भूमिका उरली नसती, आणि मला आत जाऊन ‘गटाच्या वतीने सांगण्यासारखे काही नाही, सदस्य आपापले बोलतील’ असे म्हणावे लागले असते. फुटलेला गट समोरच्यांना काय मिळवून देतो हे मी पूर्वी पाहिले होते. मी वही मिटली.

आत जाऊन मी नकार सांगितला. समोरच्यांनी कंस काढले नाहीत. पहाटे अडीचच्या सुमारास सहसूत्रधारांनी सहमती होत नसल्याचे जाहीर केले, आणि शनिवारी नियम 16 लावून विषय पुढच्या अधिवेशनाच्या कार्यसूचीवर ढकलण्यात आला. या नियमाचा खरा तडाखा असा, की आठवडाभरात जमवलेला मजकूर अधिकृतरीत्या उरतच नाही. सुटलेले कंस, मोठ्या मिनतवारीने मिळवलेले विशेषण, कोणी तरी शेवटी सोडलेला हट्ट, सगळे पुसले जाते आणि पुढच्या वेळी कोऱ्या पडद्यापासून आरंभ होतो.

सकाळी द्वीपराष्ट्राच्या त्या बाई मला मार्गिकेतच भेटल्या. वित्त विषयाच्या खोलीत त्या पहाटेपर्यंत बसल्या होत्या. फोनची बॅटरी संपली होती. आवाज न चढवता त्यांनी विचारले, “माझे म्हणणे तुमच्या वहीत होते ना?”

“होते.”

“मग?”

मी दंडक सांगितला. त्यांनी तो शेवटपर्यंत ऐकून घेतला आणि म्हणाल्या, “प्रत्येक खोलीत बसवायला माणूस असलेल्या देशांसाठी हा नियम उत्तम आहे.” मग घड्याळ पाहून त्या पुढच्या बैठकीला गेल्या. त्यांनी माझी तक्रार कुठेही केली नाही. केली असती तर मला बरे वाटले असते.

जूनमध्ये जर्मनीतल्या बॉनच्या अधिवेशनात विषय पुन्हा आला तेव्हा मी समन्वयक होतेच. पहिल्याच गट-बैठकीत मी सांगितले, की यापुढे मार्गिकेत निर्णय घेण्यापूर्वी गैरहजर देशांनी माझ्याकडे नोंदवलेल्या भूमिका मी तारखेसह वाचून दाखवीन. त्यांना आक्षेप मानायचे की नाही हे गटाने ठरवावे. मोठ्या देशाच्या त्याच सहकाऱ्याने विरोध केला. त्यांचे म्हणणे होते, की वहीतली भूमिका शिळी होते, राजधानीकडून आलेल्या सूचना रातोरात बदलतात, आणि गैरहजर माणसाच्या नावाने बोललेल्या शब्दाला उत्तरदायी कोणी नसते. बराच वाद होऊन माझी पद्धत त्या अधिवेशनापुरती मान्य झाली.

दुसऱ्या आठवड्यात वेळ आली. त्या द्वीपराष्ट्राची खुर्ची रिकामी होती, म्हणून मी पान उघडून वाचले: 2022 चा मजकूर बदलू नये. दोन देशांनी लगेच त्याचा आधार घेतला आणि चर्चेचा कल फिरला. त्याच संध्याकाळी त्या देशाचा एक तरुण प्रतिनिधी मला शोधत आला; आधीच्या बाई या वेळी आल्या नव्हत्या. तो नम्रपणे म्हणाला, “मॅडम, आता आम्ही त्या शब्दावर अडून बसणार नाही. निधीतला किमान वाटा द्वीपराष्ट्रांसाठी राखून ठेवला जावा, याला आमच्या राजधानीने पहिले स्थान दिले आहे. तुम्ही वाचले ते जुने होते.”

मी त्याच्यासमोरच वहीत नवी तारीख घालून नवी भूमिका लिहून घेतली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गटासमोर दुरुस्ती सांगितली. मोठ्या देशाचे सहकारी काही बोलले नाहीत. बोलायची गरजही नव्हती. वाचून दाखवण्याची पद्धत मी अजून सोडलेली नाही. पूर्वी अधिवेशनातून एकदा भरायचे ते पान आता रोज सकाळी पुन्हा विचारून भरते. छोट्या देशांची माणसे एका खोलीतून दुसरीकडे धावत असताना मी त्यांना जिन्यात गाठते, आणि कित्येकदा ती म्हणतात, राजधानीकडून अजून निरोप नाही, दुपारी सांगतो. दुपारपर्यंत पान रिकामे राहते. अशा रिकाम्या पानाच्या दिवशी घोळका जमला, तर मी काय वाचायचे?