पिवळं न पडणारं जेल

थोरल्या चुलत्यांनी अंबाजोगाईला जाऊन दाखवलं, तेव्हा गालातली गाठ लिंबाएवढी झाली होती. चार महिन्यांत ते गेले. एम.फार्म.ला विषय निवडताना मला दुसरं काही सुचलंच नाही.

माझं औषध म्हणजे ५-एएलए (अमिनोलेव्हुलिनिक आम्ल), कॅन्सरची जागा उजेडात दाखवून देणारं. ते स्वतः चमकत नाही. पेशी त्यापासून प्रोटोपॉर्फिरिन हा चमकणारा पदार्थ बनवतात. निरोगी पेशी त्यात लोह घालून हीम (रक्ताला लाल रंग देणारा घटक) करून टाकतात, कॅन्सरच्या पेशींत मात्र प्रोटोपॉर्फिरिन तसंच साचून राहतं. ४०५ नॅनोमीटरचा जांभळट निळा प्रकाश टाकला की ती जागा लाल दिसते. मेंदूतल्या ग्लायोमा या गाठीच्या ऑपरेशनआधी रुग्णाला हेच किलोमागे २० मिलिग्रॅम प्यायला देतात. मला ते फक्त तोंडात, तंबाखूचा बार ठेवतात तिथे पोचवायचं होतं.

लाळ सगळं धुऊन नेते, म्हणून चिकटून राहणारं जेल हवं. आधी कार्बोपॉल ही जेल करायची पावडर घेतली. ती घट्ट व्हायला त्यातलं आम्ल मारून पीएच सातच्या आसपास न्यावा लागतो, आणि तिथेच एएलएचे रेणू दोन-दोन जोडून निकामी होतात, जेल पिवळं पडतं. मे महिन्यात एका रात्री लाईट गेली, फ्रीज बंद पडला. सकाळी पाहिलं तर सगळं जेल पिवळं. तीन आठवड्यांचं काम होतं. त्या दिवशी मी रडलो.

मग कार्बोपॉल सोडलं आणि एचपीएमसी ही सेल्युलोजपासून केलेली पावडर घेतली. ती पीएच न वाढवताही घट्ट होते. साडेचार पीएचला जेल पांढरंस्वच्छ राहिलं. पहाटे खाटकाकडून शेळीच्या गालाचं आतलं कातडं आणायचं, ३७ अंशांवर ठेवून किती औषध आरपार जातं ते तासातासाने मोजायचं. कमीच जायचं, कारण एएलए पाण्यात रमणारं आणि पेशीचं आवरण तेलकट. ते अजून पुरतं सुटलेलं नाही. शिवाय नुसती सूज असली तरी जागा लाल दिसू शकते, त्यामुळे तुकडा काढून तपासणं टळत नाही.

कॅन्सरपेशींवरचा पहिला लाल उजेड अंधाऱ्या खोलीत दिसला, त्याच रात्री घरी फोन केला.

"अण्णा, बार कुठं ठेवता?"

"खालच्या ओठात. का रे?"

शनिवारी गावी गेलो. अंगणातल्या उन्हात ओठ उलटून पाहिला. आत पांढरा, खरबरीत चट्टा होता. सोमवारी त्यांना घेऊन संभाजीनगरला आलो.