पेन्सिल बाजूला ठेवल्यावर

व्यक्तिचित्राचा सराव बहुधा पेन्सिलीने सुरू होतो आणि त्यात वावगे काही नाही, कारण इतके स्वस्त, सोशिक आणि लाघवी साधन दुसरे नाही. ती पुसता येते, हलक्या हाताने चालवली तर कागदावर असून नसल्यासारखी राहते आणि नीट टोक काढले तर पापणीचा एकेक केसही ओढू देते. माझी तक्रार नेमकी या सोशिकपणाबद्दल आहे. पेन्सिल काढणाऱ्याला कुठेच अडवत नाही. डोक्याचा घाट अजून उमगलेला नसतानाही ती त्याला बुबुळातली चमक रंगवत बसू देते आणि तासाभराने कागदावर दोन देखणे डोळे, एक नीटस नाक आणि कोणाचाच नसलेला एक चेहरा तयार होतो.

महाराष्ट्रात बहुतेकांचा चित्रकलेशी पहिला रीतसर संबंध येतो तो एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या परीक्षांमधून. तिथे वस्तुचित्र असते, स्मरणचित्र असते, संकल्पचित्र आणि भूमिती असते. समोर बसलेल्या माणसाचा चेहरा मात्र नसतो. त्यामुळे पुढे कधीतरी हौसेने माणसाकडे वळावे, तर हाताला सवय असते ती तांब्याची आणि फुलपात्राची, जी हलत नाहीत आणि आपण कसे दिसलो असे विचारत नाहीत. मग मोजमापे पाठ केली जातात. डोळे डोक्याच्या उंचीच्या साधारण मध्यावर येतात, समोरून पाहिल्यास डोक्याची रुंदी पाच डोळ्यांएवढी भरते, भुवई आणि हनुवटी यांच्या मधोमध नाकाचा तळ असतो आणि कान भुवईपासून नाकाच्या तळापर्यंत पसरलेला असतो. ही मापे उपयोगी आहेत, विशेषतः डोळे फार वर चढवण्याची जी नवशिक्यांची खोड असते ती त्यांनी मोडते. कपाळावर आणि केसांत बघण्यासारखे काही नाही असे आपले मन परस्पर ठरवून टाकते आणि डोक्याचा वरचा अर्धा भाग छाटून मोकळे होते. परंतु ही सगळी सरासरीची मापे आहेत आणि माणूस ओळखू येतो तो या सरासरीपासून तो नेमका कुठे ढळला आहे यावरून.

हे ढळणे मला पेन्सिलीत कधी सापडले नाही. सापडले ते कोळशात. चित्रकारांचा कोळसा म्हणजे विलोच्या किंवा द्राक्षवेलीच्या काड्या हवा कोंडून जाळून केलेल्या कांड्या. पेन्सिलीतले ग्राफाइट आणि हा कोळसा, दोन्ही मुळात कार्बनच. पण ग्राफाइटचे कण चपटे, एकावर एक सरकणारे असतात, म्हणून पेन्सिलीचा दाट थर उजेडात चकाकतो आणि सर्वांत मऊ पेन्सिल घेतली तरी काळ्याच्या अलीकडेच थांबतो. त्यात 1795 साली निकोला-जाक काँते या फ्रेंच माणसाने ग्राफाइटच्या भुकटीत चिकणमाती मिसळून ती भाजण्याची युक्ती काढली आणि मातीच्या प्रमाणावर पेन्सिलीचा कठीणपणा ठरू लागला. आजच्या पेन्सिली त्याच रीतीच्या आहेत. कोळशाचे कण ओबडधोबड असतात, त्यांवर पडलेला उजेड तिथेच विरतो, म्हणून त्याचा काळा रंग खोल आणि निस्तेज दिसतो, तसा केसांच्या आतला आणि हनुवटीखालचा अंधार खरोखर असतो.

पण खरा फरक काळेपणाचा नाही, टोकाचा आहे. कोळशाला टोक टिकत नाही. कांडी आडवी धरून एकदा फिरवली की खोबणीतला डोळा, नाकाची एक बाजू, ओठाखालची खळगी आणि मान हे सगळे एकाच सावलीत जाते, आणि ते तसे जाऊ द्यायचे असते, कारण डोळे किलकिले करून पाहिले तर समोरच्या चेहऱ्यावरही तसेच असते. खिडकीशी वर्तमानपत्र वाचत बसलेले बाबा मी असे कितीदा तरी काढले आहेत. त्यांचे डोळे काढण्याआधीच, केवळ कपाळाच्या पुढे आलेल्या कडेची सावली आणि उजव्या गालाखालचा खड्डा एवढ्यावर ते बाबा दिसू लागतात. याचे नवल वाटायचे कारण नाही. रस्त्याच्या पलीकडून येणारा ओळखीचा माणूस आपण ओळखतो, तेव्हा त्याच्या पापण्या आपल्याला कुठे दिसत असतात? सादृश्य हे मोठ्या आकारांत आणि त्यांच्यामधल्या अंतरांत राहते, बारकावे त्याला शोभा आणतात, अशा मताला मी हळूहळू येऊन ठेपले आहे. आणि जे साधन बारकावे करूच देत नाही, ते या बाबतीत चांगला शिक्षक ठरते.

कोळशासाठी मळलेल्या कणकेसारखे दाबता येणारे जे रबर मिळते, त्याचाही गुण हाच आहे. ते खोडत नाही, कोळसा उचलून घेते. म्हणजे सगळा चेहरा करड्या रंगात बुडवून नंतर कपाळ, नाकाचा शेंडा, खालचा ओठ असा एकेक उजेड बाहेर काढता येतो. घराच्या दृष्टीने मात्र हे साधन नतद्रष्ट आहे. विजेच्या बटणांवर, फ्रिजच्या मुठीवर आणि एकदा देवघराच्या चौकटीवर उमटलेल्या काळ्या बोटांबद्दल आमच्याकडे बरेच बोलले गेले आहे. चित्रावर फिक्सेटिव्ह फवारले की कोळसा कागद धरून राहतो, पण थोडा गडदही होतो, तेव्हा उजळ भाग आधीच जरा जास्त उजळ ठेवावे लागतात.

शाईची शिस्त याहून कडक आहे. कुंचला आणि काळी शाई घेतली की करडा रंग उरत नाही. चेहऱ्याचा प्रत्येक भाग एक तर उजेडात टाकायचा, नाहीतर अंधारात, आणि गालासारखा जो भाग दोन्हींकडे नसतो त्याचा निवाडा आपल्याला करावा लागतो. बॉलपेन त्या मानाने दयाळू आहे. त्याची रेघ दाब कमी-अधिक करून फिकी-गडद होते, ते खिशात असते आणि लोकलमध्ये कोणी पाहिले तरी आपण हिशेब लिहीत असल्यासारखे दिसते. लोकलमधले मॉडेल पुढच्या स्टेशनावर उतरून जाते, एवढी एक गोष्ट माणसाला महत्त्वाचे आधी काढायला शिकवते. मात्र झोपलेल्या प्रवाशाला काढताना मला नेहमी थोडा संकोच वाटतो. त्याने जागे होऊन पाहिलेच तर कागद त्याला देऊन टाकायचा, असा मी नियम केला आहे. घरी काढताना वैरीण म्हणजे ट्यूबलाइट. ती छतावरून सगळीकडे सारखाच उजेड सांडते, चेहऱ्यावर सावली अशी राहतच नाही आणि कोळसा असो की शाई, हातात धरायला काही उरत नाही. एका बाजूची खिडकी किंवा टेबलावरचा एकच दिवा पुरतो.

साधनांचा विचार करताना कागद बहुधा विसरला जातो, आणि मला तर आता तेच पहिले साधन वाटते. पांढऱ्या कागदावर गव्हाळ किंवा सावळा चेहरा काढायचा म्हणजे जवळजवळ सगळा चेहरा आधी झाकून काढावा लागतो; कागदाने गृहीत धरलेला माणूस आपल्याकडचा नसतो. सोळाव्या शतकात हान्स होल्बाइनने इंग्लंडच्या दरबारातल्या माणसांची जी रेखाटने केली, त्यांतली पुष्कळशी फिकट गुलाबी अस्तर दिलेल्या कागदावर आहेत, म्हणजे त्वचेचा मधला रंग त्याने कागदाकडूनच घेतला. तोच हिशेब आपण केला तर वह्यांना कव्हर घालायचा खाकी कागद पुढे येतो. त्यावर सावलीपुरता कोळसा आणि उजेडापुरता पांढरा खडू लावला की मधली सगळी त्वचा न रंगवताच रंगते. हा कागद टिकाऊ नसतो, काही वर्षांत करपून ठिसूळ होतो, पण सरावाची कागदपत्रे पिढ्यान्‌पिढ्या टिकली पाहिजेत असा आग्रह कोणी धरावा?

अठराव्या शतकातल्या फ्रान्समध्ये काळा, तांबडा आणि पांढरा अशा तीन खडूंनी चेहरे काढण्याची पद्धत फार भरात आली होती आणि आंत्वान वातो त्यातला मोठा वाकबगार. त्यातला तांबडा खडू म्हणजे लोहयुक्त माती. आपल्याकडे कुंड्यांना लावतात आणि ज्याने अंगण सारवून वर रांगोळी घालतात, तो गेरू त्याच कुळातला. तेव्हा गेरू, फळ्याचा खडू आणि इस्त्रीवाल्याकडचा लोणारी कोळसा एवढ्यावर हा फ्रेंच थाट जमतो का, हे पाहणे मला भागच होते. जमतो, पण साधने आपापले स्वभाव सोडत नाहीत. लोणारी कोळसा कुठे मऊ तर कुठे दगडासारखा लागतो आणि कागदावर ओरखडे काढतो. फळ्याचा खडू आजकाल बहुधा जिप्समचा असतो, त्याचा पांढरा रंग दुबळा पडतो. आणि कोळशावर तो खडू चुकूनही फिरवला तर निळसर, मेलेला करडा रंग तयार होतो, म्हणून दोघांमध्ये कागदाची पट्टी मोकळी ठेवावी लागते. गेरूने मात्र माझी पुरती खात्री पटवली. त्याचा खडा वापरता येत नाही, त्यात वाळूचे कण असतात. पण तो कुटून, वस्त्रगाळ करून डिंकाच्या पाण्यात मळला आणि त्याच्या कांड्या सावलीत वाळवल्या, की नाकाच्या शेंड्याला, कानाच्या पाळीला आणि ओठांना जी रक्ताची ऊब येते ती काळ्या रंगाला कधीच आणता येत नाही. डिंक जास्त झाला तर कांडी उमटत नाही, कमी झाला तर हातात भुगा येतो.

जलरंगाकडे मी अजून दबकतच जाते. तिथे पांढरा रंग म्हणजे मोकळा सोडलेला कागद, आणि जो उजेड आधी राखला नाही तो नंतर पुरता परत मिळत नाही. सावळाराम हळदणकरांनी आपल्या मुलीला हातात दिवा देऊन उभे केले आणि तळहाताच्या आडून चेहऱ्यावर येणारा प्रकाश जलरंगात पकडला. ते चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे आणि पुष्कळ लोक ते राजा रविवर्म्याचे समजतात. चेहरा, दिवा आणि हाताची सावली या तिन्ही गोष्टी इतक्या निसरड्या माध्यमात एकत्र सांभाळणे म्हणजे काय, हे स्वतः एकदा गालावरचा ओला रंग मानेपर्यंत ओघळताना पाहिल्याशिवाय कळत नाही.

समोर बसणाऱ्यांचे म्हणणे या सगळ्यात वेगळेच असते. 1630 च्या सुमारास रेम्ब्रांने आरशासमोर डोळे विस्फारून, रागावून, हसून स्वतःच्या चेहऱ्याची छोटी छोटी एचिंग, म्हणजे धातूच्या पत्र्यावर आम्लाने कोरून छापलेली चित्रे, केली, कारण असे हावभाव करायला फुकट आणि निमूट तयार होणारे मॉडेल तेच एक असते. मी आरशात पाहून काढते तेव्हा निरखण्याच्या ताणाने कपाळाला आठी पडते, म्हणून माझी सगळी आत्मचित्रे रागावलेली आहेत. बाबा वर्तमानपत्राच्या आड असल्यामुळे तक्रार करत नाहीत. आत्याला मात्र मी पेन्सिल, कोळसा, शाई आणि गेरू अशी चारही तऱ्हेने काढली आणि चारी कागद तिच्यापुढे मांडले. गेरूमधली आत्या, माझ्या मते, दारातून हाक मारील इतकी तीच आहे. तिने चष्मा पुसून चारही पाहिली आणि पेन्सिलीचे उचलले.

"आत्या, यात तू नाहीयेस गं," मी म्हटले.

"नसेना का. पण ही बाई चांगली दिसते," ती म्हणाली, आणि ते चित्र तिने फ्रेम करून घेतले आहे.

तिचा चष्मा हे माझे पुढचे काम आहे. जवळचे वाचण्याच्या भिंगाने डोळे मोठे दिसतात आणि भिंगातून दिसणारी गालाची कड बाहेरच्या कडेशी जुळत नाही. ही तुटलेली कड कोळशात दाखवता येत नाही आणि गेरूच्या कांडीने फार ठळक होते. बोरू थोडा तिरका कापून पातळ शाईत बुडवला तर ती साधेल असे वाटते. आत्याने बसायचे कबूल केले आहे, पण चष्मा काढून.