पेजेवरची फुंकर

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. "फुफ्फुसं खराब झाली ती झालीच, मग श्वासाचे व्यायाम करून काय होणार?" गुहागरकडच्या वाड्यांमधून फिजिओथेरपिस्ट म्हणून फिरताना हे मला घरोघरी विचारतात, बहुतेक वेळा पेशंटची मुलंच.

सीओपीडीत, म्हणजे धुरामुळे वगैरे श्वासनळ्या कायमच्या अरुंद होऊन धाप लागण्याच्या आजारात, झालेली हानी व्यायामाने भरून येत नाही. स्पायरोमेट्रीचा, म्हणजे यंत्रात फुंकून करायच्या फुफ्फुसांच्या तपासणीचा, आकडाही सहसा जागचा हलत नाही. कमी होते ती धाप, आणि धापेची भीती.

माणसाला वाटतं, हवा आत येत नाही. खरं तर आतली बाहेर पडत नसते. श्वास पुरता सुटायच्या आधीच बारीक नळ्या मिटतात, जुनी हवा अडकते, नव्याला जागा उरत नाही. घाबरून भराभर श्वास घेतला की सोडायला आणखी कमी वेळ मिळतो. ओठ जरा मिटून हळू सोडला, तर मागे दाब राहतो आणि नळ्या उघड्या राहतात. नाकाने दोन अंक आत, ओठांतून चार अंक बाहेर. एवढंच.

पण हे सांगून भागत नाही. एक आजी आहेत. विडीला कधी हात लावला नाही, पण चाळीस वर्षं चुलीपुढे गेली, पावसात ओली लाकडं आणि नारळाची सोडणं फुंकत. मी म्हटलं, "मेणबत्तीवर मारता तशी फुंकर मारा." त्यांनी फुंकणीत मारावी तशी जोरात मारली आणि खोकून हैराण झाल्या. चूक माझ्या सांगण्यात होती. थोड्या वेळाने त्याच म्हणाल्या, "म्हंजे गरम पेजेवर मारतो तशी काय गो?" तेव्हापासून मी सगळीकडे पेजच सांगते.

त्यांच्या घरापासून रस्त्यापर्यंत जांभ्याची पाखाडी आहे, बावीस पायऱ्या. धाप लागेल म्हणून त्या खाली उतरतच नव्हत्या. खुर्चीत बसून त्यांना सगळं जमायचं, पायरीवर जीव वर आला की सगळं विसरायचं. म्हणून मी त्यांच्याबरोबर चढायला लागले. उभं राहून श्वास घ्यायचा, सोडताना दोन पायऱ्या चढायच्या. दम लागला की गडग्यावर, म्हणजे कडेच्या दगडी बांधावर, कोपर टेकून वाकायचं आणि किती फुंकरांत जीव खाली येतो ते मोजायचं. आकडा कॅलेंडरवर लिहायचा. त्या आकड्यानेच त्यांना धीर आला, असं मला वाटतं. धाप लागणार हे त्यांना माहीत होतंच, ती उतरतेही हे आता त्यांच्याच अक्षरात भिंतीवर आहे.

इनहेलर मात्र सोडायचा नाही. विश्रांती घेऊनही धाप बसेना, ओठ निळसर दिसले, वाक्य पुरं बोलता येईना, तर फुंकर मारत बसू नका, दवाखाना गाठा. आणि पोटाने खोल श्वास घ्यायचा व्यायाम सरसकट सगळ्यांना देऊ नये. फार फुगलेल्या फुफ्फुसांना त्याने उलट जास्त कष्ट पडतात.

गेल्या आठवड्यात आजींनी मला खालीच थांबवलं आणि एकट्या चढल्या. बाराव्या पायरीवर थांबून गडग्याला टेकल्या. मी धावत वर निघाले. त्यांनी मागे न बघता हात वर केला, थांब म्हणून.